लग्नानंतरचा पहिला प्रवास : कंपनीच्या हाती की आपल्या हाती?

लग्नसराई सुरू झाली, की ‘हनिमून पॅकेज’च्या जाहिरातींचा पाऊस पडू लागतो. मनाली, केरळ, गोवा, अंदमान. पाच रात्री, सहा दिवस. विमान, हॉटेल, गाडी, फुलांनी सजवलेली खोली, सगळे एका आकड्यात. खाली बारीक अक्षरात ‘हप्त्यांची सोय’ हेही लिहिलेले असते. पूर्वी ही भाषा आपल्या वस्तीपर्यंत येत नव्हती. आता ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर येते. कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला मुलगा आणि खाजगी दवाखान्यात नोकरी करणारी मुलगी लग्न ठरल्याबरोबर हिशेब मांडू लागतात : जायचे का? कुठे जायचे? प्रवास आखून देणाऱ्या कंपनीला पैसे द्यायचे, की आपले आपण जायचे?

या प्रश्नाला वस्तीत दोन उत्तरे मिळतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, “हनिमून कसला? ही श्रीमंतांची थेरं. आमची लग्नं नाही झाली का?” मित्रमंडळी म्हणतात, “लग्न एकदाच होतं. कर्ज झालं तर झालं, फिटेल हळूहळू.” पहिल्या उत्तरात नव्या जोडप्याच्या मनाचा विचार नाही आणि दुसऱ्यात त्यांच्या उद्याचा विचार नाही. म्हणून या विषयाकडे जरा शांतपणे पाहू.

गरज कोणाला जास्त?

आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे आजही दहा बाय बाराच्या खोलीत किंवा फार तर दोन खोल्यांत राहतात. त्यात आई-वडील, धाकटा दीर, शिकणारी नणंद. नवी सून या घरात येते. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा ती उठते, रात्री सगळ्यांची अंथरुणे पडल्यावर पाठ टेकते. ज्याच्याशी जन्माची गाठ बांधली त्या माणसाशी चार वाक्ये मोकळेपणाने बोलायला तिला महिनोन्महिने मिळत नाहीत. त्याला राग कशाचा येतो, तिला भीती कशाची वाटते, दोघांच्या मनात पुढच्या आयुष्याचे काय चित्र आहे, हे कळायच्या आत पाळणा हलतो.

ज्यांच्या घरात नव्या जोडप्यासाठी वेगळी खोली आहे, त्यांना चार दिवस बाहेर जाण्याची चैन परवडते. पण ज्यांच्या घरात ती खोली नाही, त्यांना या चार दिवसांची गरज आहे. चैन आणि गरज यांतला हा फरक घरातल्या वडीलधाऱ्यांनी ओळखला, तर “थेरं” हा शब्द त्यांच्या तोंडी येणार नाही. जाणे योग्यच आहे. प्रश्न उरतो तो किती खर्चाने, कुठे आणि कोणाच्या भरवशावर, एवढाच.

पैशाचे माप

तथागतांनी गृहस्थाला जो उपदेश केला तो सिगालोवाद सुत्तात आहे. आपल्या विहारांतून त्याचे वाचन होते. त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. बुद्धांनी उपभोग नाकारलेला नाही, त्याला माप घालून दिले आहे. लग्नानंतरचा प्रवास त्या एका भागातून बसत असेल, तर आनंदाने जावे. चौथ्या भागाला हात लावून किंवा पुढच्या दोन वर्षांच्या पगारातून हप्ते कापून जाऊ नये. हप्त्यावर गेलेल्या प्रवासाचे फोटो महिन्याभरात जुने होतात, हप्ता मात्र दर महिन्याला नवा असतो. आणि नव्या संसारातले पहिले भांडण बहुधा त्या हप्त्यावरूनच होते.

त्याच सुत्तात पतीची पत्नीप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. प्रवास ठरवताना यातल्या चौथ्या गोष्टीची कसोटी लागते. पुष्कळ घरांत नवरदेव आणि त्याचे मित्र मिळून पॅकेज ठरवतात. नवरीला गाव कळते ते हळदीच्या दिवशी. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना सांगितले होते, की पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. ही बरोबरी कुठून तरी सुरू व्हायला हवी. दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, जवळ किती पैसे आहेत ते दोघांना माहीत असावे, आणि “तुला काय बघायचं आहे?” हा प्रश्न आधी तिला विचारावा. वाटेतले पैसे तिच्या पर्समध्ये राहिले तर आणखी चांगले.

आखून देणारा काय करतो?

प्रवास आखून देणारी कंपनी किंवा एजंट चार कामे करतो. गाडीचे आरक्षण, मुक्कामाची खोली, स्थानिक वाहन आणि कोणत्या दिवशी काय पाहायचे याचे वेळापत्रक. या कामाचा मोबदला तो घेतो, त्यात गैर काही नाही. शिवाय पॅकेजच्या रकमेवर सरकारी कर पडतो. लांबचा मुलूख, परकी भाषा, तीन-चार गाड्या बदलायच्या, असा प्रवास असेल तर हे पैसे वसूल होतात. पण जिथे आपल्या एस.टी.ची लाल गाडी जाते, जिथे आपलीच भाषा बोलतात, तिथे ही चारही कामे दोघे मिळून एका संध्याकाळी करू शकतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. वेळापत्रक ज्याच्या हाती असते, काय पाहायचे तेही तोच ठरवतो. वेरूळचेच उदाहरण घ्या. अनेक सहलींच्या कार्यक्रमात वेरूळला दोन-अडीच तास दिलेले असतात. गाडी थांबते, सगळे सरळ समोरच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यात शिरतात, फोटो काढतात आणि पुढच्या देवळाकडे निघतात. उजव्या हाताला १ ते १२ क्रमांकाची बौद्ध लेणी आहेत. तिकडे वळायला वेळ उरत नाही. मुंबईहून तीनशेहून अधिक किलोमीटर येऊन आपली माणसे आपल्या पूर्वजांच्या दारावरून परत जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले जोडपे पॅकेजमध्ये आहे म्हणून देवळांच्या रांगेत उभे राहते आणि विहारात पाऊल न टाकता घरी येते. पैसे आपले आणि वाट मात्र दुसऱ्याची, असे हे होते.

बाबासाहेबांची एक सहल

१९३४ सालची गोष्ट आहे. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांबरोबर सहलीला जायची इच्छा व्यक्त केली. बाबासाहेब तयार झाले. मात्र काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. धम्मदीक्षा त्यानंतर बावीस वर्षांनी व्हायची होती, पण मनाची ओढ तेव्हाही तिकडेच होती. बाबासाहेब नाशिकला गेले, मंडळी तिथे येऊन मिळाली आणि औरंगाबादकडे निघाली.

तो प्रवास आखताना त्यांना काय काय पाहावे लागले, ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. त्यांचे हे आठवणींचे लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. आपण अस्पृश्य आहोत हे वाटेत कोणाला कळू नये, असे मंडळींनी ठरवले होते. जिथे आपली माणसे स्वागताला उभी असतील तेवढ्याच ठिकाणी ओळख द्यायची. दौलताबादच्या बाहेर आपले लोक चहा-फराळ घेऊन थांबले होते. अंधार पडायच्या आत किल्ला पाहून घेऊ, चहा परतताना घेऊ, असे त्यांना सांगून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले एक टाके होते. प्रवासाने अंग धुळीने माखलेले. सगळ्यांनी तिथे हातपाय-तोंड धुतले आणि ते किल्ल्याच्या दाराशी गेले. एवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला. टाके बाटवले म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात होते. शेवटी किल्ल्यात जाऊ देण्यात आले ते एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाच्या सहलीचा हा वृत्तांत आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. आज आपले नवविवाहित जोडपे त्याच वाटेने जाते, स्टँडवरच्या नळाचे पाणी पिते, तिकीट खिडकीवर रांगेत उभे राहते आणि कोणी जात विचारत नाही. आडनाव ऐकून चेहरा बदलणारी माणसे अजून संपलेली नाहीत हे खरे. पण दार अडवायची हिंमत आता कायदा होऊ देत नाही. हा हक्क ज्यांनी मिळवून दिला त्यांच्या वाटेवरून संसाराचे पहिले पाऊल टाकणे, यापेक्षा मंगल प्रवास दुसरा कोणता?

तीन दिवस, तीन ठिकाणे

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, तीन दिवस कसे लावावेत ते पाहू. एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी : अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. त्यामुळे बुधवार ते शुक्रवार हे दिवस धरले तर दोन्ही सापडतात आणि रविवारची गर्दीही टळते.

पहिला दिवस शहराचा. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालेले सकाळी पोहोचतात. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने निघाले तर दुपारी उतरता येते. थोडी विश्रांती घेऊन नागसेनवनात जावे. मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या मुलांनी शिकावे म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांची आठवण बाबासाहेबांनी या जागेच्या नावात ठेवली. आपल्या कितीतरी प्राध्यापकांची, कवींची, अधिकाऱ्यांची पहिली पिढी इथल्या वसतिगृहांत घडली.

तिथून विद्यापीठाच्या कमानीपाशी जावे. नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्या शहिदांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव कमानीवर आले. सोळा वर्षांच्या लढ्याने मिळालेले ते नाव दोघांनी शांतपणे उभे राहून वाचावे. विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या मानाने इथे गर्दी फारच कमी. उन्हे कलताना वर गेले, तर सगळे शहर पायाखाली दिसते आणि दोघांना मनातले बोलायला निवांत जागा मिळते.

दुसरा दिवस अजिंठ्याचा. शहरापासून अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मध्यवर्ती स्टँडवरून जळगावकडे जाणारी सकाळची एस.टी. पकडावी. सिल्लोड, अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरला, की फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांचा फाटा येतो. तिथे उतरायचे. खाजगी वाहनांनाही तिथेच थांबावे लागते. पुढचे चार किलोमीटर लेण्यांकडे जाणारी खास बस नेते. विदर्भातून येणाऱ्यांनी संभाजीनगरला वळसा घालायची गरज नाही. त्यांनी भुसावळ-जळगावला उतरावे, जळगावहून लेणी साठ किलोमीटरच्या आसपास आहेत.

वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणावरच्या कड्यात तीस लेणी कोरली आहेत. ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहे सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळातली. पुढची बहुतेक लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले, तसा शिलालेख तिथे आहे. १ क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशी डावीकडे पद्मपाणी आणि उजवीकडे वज्रपाणी आहे. पद्मपाणीच्या झुकलेल्या डोळ्यांतली करुणा पाहायला जगभरातून माणसे येतात. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटे द्यावीत, मग रंग हळूहळू उमलू लागतात. १७ क्रमांकाच्या लेण्यात कपिलवस्तूला भिक्षापात्र घेऊन आलेले तथागत आणि त्यांच्यासमोर उभे असलेले यशोधरा-राहुल यांचे चित्र आहे. संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जोडप्याने त्या चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबावे. २६ क्रमांकात डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणाची भव्य शयनमूर्ती आहे. तिच्या पायथ्याशी शोक करणारे शिष्य कोरले आहेत. तिथे मोठ्याने बोलावेसे वाटतच नाही.

एक सूचना नवविवाहितांसाठी खास. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले. त्याच्या पाठोपाठ कित्येकांनी भिंतींवर बदाम काढून दोन-दोन नावे कोरली आहेत. तो कायद्याने गुन्हा आहे आणि धम्माच्या दृष्टीने तर आपल्याच घराची भिंत खरवडणे आहे. चित्रांवर फ्लॅश मारू नये. जिथे पादत्राणे काढायला सांगतात तिथे ती काढावीत. चढायला पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा नव्या उंच टाचांच्या चपला लॉजवरच ठेवाव्यात.

तिसरा दिवस वेरूळ आणि दौलताबादचा. कन्नड-चाळीसगावकडे जाणारी एस.टी. वेरूळला सोडते. अंतर तीस किलोमीटर. आत शिरल्यावर आधी उजवीकडे वळावे आणि १ क्रमांकापासून सुरुवात करावी. ५ क्रमांकाच्या लेण्यात पोहोचलात की थांबा. शंभर फुटांहून अधिक लांब असे हे दालन आहे. मधोमध दगडातच कोरलेले दोन लांब, बुटके ओटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आहेत. भिक्षुसंघ समोरासमोर बसून अध्ययन वा भोजन करीत असावा, असे जाणकार सांगतात. या लेण्याला लोकांनी नाव दिले आहे ‘महारवाडा’. गावकुसाबाहेरची आपली माणसे पावसाळ्यात इथे आसरा घेत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. ज्यांना गावात छप्पर नव्हते त्यांना तथागतांच्या संघाच्या या दालनाने छप्पर दिले. नाव ठेवणाऱ्याने ते कोणत्याही भावनेने ठेवले असो, आपण तिथे ताठ मानेने बसावे.

१० क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्या छताला लाकडी वासे घालावेत तसे दगडी वासे कोरलेले आहेत, म्हणून लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. स्तूपाला टेकून, पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती समोर आहे. इथे त्रिसरण म्हणून पाहावे, आवाज कसा घुमून परत येतो ते अनुभवावे. १२ क्रमांकाचे तीन ताल तीन मजल्यांचे आहे. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती पाहिल्याशिवाय खाली येऊ नये. त्यानंतर १६ क्रमांकाचे कैलास आणि पुढची ३० ते ३४ ही जैन लेणीही अवश्य पाहावीत. छिन्नी-हातोड्याने डोंगर कोरणाऱ्या पाथरवटांच्या हाताला कोणता धर्म नव्हता.

परतीच्या वाटेवर दौलताबादला उतरावे. किल्ला चढायची ताकद उरली नसली तरी हरकत नाही. दाराशी उभे राहून १९३४ ची ती संध्याकाळ एकमेकांना सांगावी. जवळच्या बाटलीतले पाणी आधी एकाने प्यावे, मग दुसऱ्याने. यापेक्षा वेगळे वंदन करायची गरज नाही.

आरक्षण, ओळखपत्र, लॉज

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. लग्नाची तारीख ठरली, की त्या दिवशीच मोजून ठेवावे. तिकिटावर नवरीचे तेच नाव घालावे जे तिच्या आधारकार्डावर आहे. हौसेने नवे आडनाव घातले आणि कार्डावर माहेरचे असले, तर गाडीत तपासनीसाशी हुज्जत होते. लॉजवरही दोघांची मूळ ओळखपत्रे लागतात. विवाहनोंदणी झाली असेल तर दाखल्याची एक प्रत जवळ असू द्यावी. तो दाखला पुढे बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे लागणारच आहे, तेव्हा प्रवासाला निघण्याआधी नोंदणीचे काम उरकलेले बरे.

मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. म्हणजे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. लेण्यांचे प्रवेशशुल्क आपल्यासाठी माफक आहे. मुक्कामासाठी स्टेशन आणि स्टँडच्या आसपास साधी लॉज आहेत. खोली आधी पाहावी, दाराची कडी, न्हाणीघर, पाणी तपासावे, भाडे कर धरून किती ते विचारावे आणि मगच रजिस्टरवर सही करावी. खोली घ्यायला त्याने एकट्याने जाऊ नये, दोघांनी मिळून जावे. कोणत्या ठिकाणी सुरक्षित वाटते हे तिला लवकर कळते.

हातात याहून कमी असेल तर

सगळ्यांनाच तीन दिवसांची रजा मिळत नाही. कंत्राटी कामगाराचा तर खाडा झाला की पगार कापला जातो. त्यांनी नाराज होऊ नये. पुणे-लोणावळा लोकलवर एका दिवसाचा सुंदर प्रवास आहे. देहूरोडला उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथल्या विहारात आपल्या हातांनी बुद्धमूर्ती स्थापन केली. तिथे वंदन करून पुन्हा लोकल पकडावी आणि मळवलीला उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले.

कार्ल्याचे चैत्यगृह पाहताना शिलालेखांकडे लक्ष द्यावे. हे एकट्या राजाचे काम नव्हे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, सिंहदत्त नावाच्या सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याने एक दार दान दिले, अशी नोंद दगडात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हातावर पोट असलेल्या माणसाचे नाव चैत्याच्या दारावर कोरले गेले. कारागिराला असा मान देणारा तो धम्म होता. सुतारकाम, गवंडीकाम, फिटरकाम करणाऱ्या नवऱ्या मुलाने ते नाव बोटाने दाखवून बायकोला सांगावे. पंचतारांकित खोलीत न मिळणारा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

कंपनी घ्यायचीच असेल तर

काही जोडप्यांना बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी यात्रा करायची असते. कोणी आई-वडिलांनाही बरोबर नेतात. असा प्रवास आठ-दहा दिवसांचा. गया, वाराणसी, गोरखपूर अशा गाड्या बदलायच्या, सुनौलीवरून नेपाळची हद्द ओलांडायची. इथे अनुभवी आयोजक असेल तर पैसे वाया जात नाहीत. लुंबिनीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवावे, प्रौढांनी केवळ आधारकार्डावर विसंबू नये.

मात्र पैसे देण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, सांगितलेला आकडा माणशी आहे की जोडप्याचा, आणि त्यात कर धरला आहे का. दोन, कोणती जेवणे, कोणती प्रवेशतिकिटे, कोणती वाहने त्यात नाहीत. तीन, हॉटेलचे नाव. ‘त्याच दर्जाचे दुसरे’ एवढ्यावर समाधान मानू नये. चार, प्रवास रद्द झाला तर किती दिवस आधी किती पैसे परत मिळतील. पाच, प्रत्येक स्थळी किती तास. या पाचव्या ओळीवरून आयोजकाची ओळख पटते. बुद्धगयेला एक तास आणि बाजाराला तीन तास असा कागद असेल तर तो परत करावा. रोख दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. कबूल केलेले दिले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही. “आपलं कोण ऐकणार?” असे म्हणून गप्प बसू नये. बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज लिहायला शिकवले आहे.

नातेवाइकांना एक विनंती

आपल्या लग्नांत आहेराला स्टीलची भांडी येतात. एकाच घरात चार-चार डिनर सेट माळ्यावर पडून राहतात. त्याऐवजी मामा-मामींनी रेल्वेचे जाण्याचे तिकीट द्यावे, आत्याने परतीचे, मित्रांनी मिळून लॉजचे दोन दिवसांचे भाडे. असा आहेर माळ्यावर जाणार नाही आणि हप्तेही लागणार नाहीत. सासूबाईंनी सुनेला निघताना एवढेच म्हणावे, “जाऊन या दोघं. घराची काळजी करू नका, आम्ही आहोत.” पॅकेजमध्ये न मिळणारी ही गोष्ट आहे, आणि सुनेला ती जन्मभर आठवते.

ज्यांची लग्ने यंदा ठरली आहेत त्यांनी पत्रिका छापायला देण्याच्या आठवड्यातच दोघांनी बसून प्रवासाचा कागद करावा. वार तपासावेत, आरक्षणाची तारीख काढावी, खर्चाची बेरीज दोघांनी मिळून करावी. बेरीज आपल्या एका भागात बसली की तिकीट काढावे. नवदाम्पत्यांचे मंगल होवो. जयभीम!